बारा घरांच्या भाताची वही

सोमवार. फोंडा, रायबंदर, चोडण

निघायला साडेनऊ झाले ते वजनकाट्यामुळे. भाच्याने तो मित्राच्या काजूच्या दुकानातून उसना मागितला होता आणि मित्र दुकान उघडेपर्यंत आम्ही व्हॅनमध्ये बसून होतो. मागे वीस रिकामी पोती, सुतळी, दाभण, पाण्याचे दोन कॅन आणि माझी शंभरपानी वही. डिसेंबरात गोवा फिरायला निघालेल्यांच्या सामानात काय काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या सामानात दाभण होतं.

वहीची गोष्ट आधी सांगते. गेल्या जूनमध्ये फोंड्यातल्या आम्ही बारा घरांनी प्रत्येकी पाच हजार काढले. साठ हजार झाले. ते पेरणीच्या आधी पाच शेतकरी घरांना बारा-बारा हजार असे वाटून दिले. ठराव तोंडी: पीक घरात आलं की तेवढ्या किमतीचं धान्य आम्हाला द्यायचं, आणि बुडालं तर आमचेही पैसे बुडाले. संस्था नाही, नाव नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. वही माझ्याकडे आली, कारण मी एकतीस वर्षं एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसले आणि लोकांना वाटतं की त्यामुळे मला हिशेब कळतो.

त्या खिडकीवर एक गोष्ट मात्र कळली होती. जून उजाडला की रांग लागायची, चतुर्थीच्या आधी पुन्हा लागायची. फॉर्मवर ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना होता. सगळ्या बायका तिथे ‘घरगुती’ लिहायच्या. नखांत तरव्याचा चिखल आणि कागदावर घरगुती! गोव्यातला शेतकरी कर्जबाजारी नाही असं कोणी म्हटलं की मला तो रकाना आठवतो. इथलं शेतीचं कर्ज शेतीच्या नावावर फारसं नसतंच. ते पाटल्यांवर असतं, मुलाच्या मोटारसायकलवर असतं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीत असतं.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीला गर्दी नव्हती. चोडणला उतरणारे बहुतेक पर्यटक पक्षी बघायला सलीम अलींच्या नावाच्या अभयारण्यात वळतात. आम्ही सरळ बांधाकडे गेलो.

खाजन शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असते. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाला एक मानस. मानस म्हणजे लाकडी दारांची चौकट. भरती आली की खारं पाणी दाराला बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून नदीत निघून जातं. वीज नाही, मोटार नाही. पावसाळ्यात आभाळाचं गोडं पाणी मातीतला खार धुऊन नेतं, मग पेरणी. इथलं खास भात म्हणजे कोरगुट. थोडा खार सोसतं, उंच वाढतं, पण उतारा कमी. जुने गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने खार सोसणाऱ्या ‘गोवा धान’ जाती काढल्या आहेत, त्याही काही जण लावतात. पण खार सोसणं वेगळं आणि सगळी भरतीच अंगावर घेणं वेगळं.

ऑगस्टच्या अमावस्येला उधाणात बांध फुटला. भगदाड तीन माणसं आडवी झोपतील एवढं. पाणी आत आलं, चार दिवस बसलं आणि पोटरीला आलेलं भात करपलं. बांधात खेकड्यांची बिळं आधीपासून होती, सगळ्यांना दिसत होती. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. ज्याने बोली लावली त्याला खारं पाणी आत हवं असतं, ज्याचं शेत आहे त्याला नको असतं, आणि हे भांडण खाजनाइतकंच जुनं. चूक कोणाची म्हणून विचारलं तर सात जणांनी सात नावं घेतली. मी एकही लिहून घेतलं नाही.

ज्यांच्याकडून धान्य आणायला निघालो होतो त्या पाच घरांतलं पहिलं चोडणच्या दादांचं. त्यांनी शेत दाखवलं. ढेकळांवर पांढरा फेर धरला होता. बोटाने उचलून जिभेवर ठेवायला त्यांनीच सांगितलं. मिठागरातलं मीठ बरं लागेल.

“आता?”

“आता एक-दोन पावसाळे धुऊन जाईल तेव्हा. बांध राहिला तर.”

घरी वहिनींनी चहा दिला. बशी ठेवून हात लगेच पदराखाली घेतले. मी पाहिलं, पण लक्ष भाच्याच्या फोनकडे होतं. दादा आत गेले आणि पाकीट घेऊन आले. “बारा हजार. मोजून घ्या.”

मी म्हटलं, अहो, ठरलंय काय आपलं? पीक बुडालं तर आमचेही बुडाले.

“तसं बोलायचं असतं हो. घेतलेले पैसे घेतलेलेच.”

पाच-सहा वेळा नको म्हटलं. दादा मग गप्पच झाले आणि पाकीट माझ्या पिशवीत घातलं. त्यांचा चेहरा बघून मी जास्त ताणलं नाही. वाटलं, मुलाने पाठवले असतील, मुलगा आखातात आहे. स्वाभिमानी माणूस आहे, त्याचा मान राखू. असं काहीसं मनात येऊन मी ते पाकीट घेतलं. सहा दिवसांतली सगळ्यात मोठी चूक तीच.

रात्री डिचोलीला नणंदेकडे मुक्काम. जेवण झाल्यावर पाकीट उघडलं. नोटांना कागदी पट्टी होती आणि पट्टीच्या कडेला पेन्सिलीने बारीक आकडा. तो आकडा म्हणजे सोनेतारणाचा खातेक्रमांक. एकतीस वर्षं मी स्वतः तसाच लिहीत आले. नोटा मोजून दिल्या की पट्टीवर क्रमांक, म्हणजे नंतर वाद नको. वहिनींचे पदराखालचे हात तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले. जूनमध्ये त्याच हातांत दोन पाटल्या होत्या.

म्हणजे आमचं भात बुडालं, आणि आमचे पैसे परत करायला त्यांनी पाटल्या ठेवल्या. आम्ही बारा घरांनी मिळून त्यांच्या अंगावर एक नवं कर्ज चढवलं, आणि त्याच्या व्याजाचा दर मला तोंडपाठ.

मंगळवार. मये

झोप लागली नव्हती. भाचा म्हणाला, मावशी, आत्ताच मागे फिरू आणि परत देऊ. मी म्हटलं, आज दिले तर उद्या ते मनीऑर्डर करतील. आधी बाकीच्या घरी काय झालंय ते बघू.

मयेला लोक तळं बघायला येतात. गावाची खरी गोष्ट तळ्याची नाही, कागदाची आहे. गावाची बहुतेक जमीन पोर्तुगीज काळातल्या एका सरदार घराण्याची होती. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर मालक देशाबाहेर, आणि जमीन ‘कस्टोडियन’च्या, म्हणजे सरकारी राखणदाराच्या ताब्यात. पिढ्यान्‌पिढ्या कसणारी, घरं बांधून राहणारी माणसं आपल्याच गावात उपरी. २०१४ साली विधानसभेने त्यासाठी कायदा केला, मग सनदा द्यायला सुरुवात झाली. तोवर पन्नासहून अधिक वर्षं मयेच्या शेतकऱ्याने बँकेत जाऊन ‘ही माझी जमीन’ म्हणावं कसं?

आमच्या ज्या काकी, त्यांचं शेत गावाच्या खाणीकडच्या अंगाला आहे. तिकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात डोंगरावरून तांबडी माती उतरते आणि भाताच्या मुळाशी बसते. ओली असताना लोण्यासारखी, सुकली की फरशी. नांगराचा फाळ वर उडतो. दरवर्षी दोन मजूर लावून ती खरवडून काढायची आणि मग शेत लावायचं. पिकाला लागतो त्याच्या निम्मा खर्च माती उपसण्यात.

अंगणात एक टिपर होता. ताडपत्री विरलेली, टायरांत हवा नाही, मागच्या हौद्यात कोंबड्या. काकींच्या मुलाने खाणीच्या भरभराटीत कर्ज काढून घेतलेला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा थोड्या सुरू झाल्या, तर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून सगळं ठप्प. आता लिलाव होऊन काही ठिकाणी काम सुरू आहे, पण ह्या टिपरला नाही. मला ते दिवस खिडकीवरून आठवतात. टिपरचा हप्ता चुकू नये म्हणून बायका मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकी सगळं घेऊन यायच्या. एकाच डोंगराने शेतात माती ओतली आणि दारात कर्ज उभं केलं, आणि तरीही खाण सुरू व्हावी म्हणून काकी लईराईला नवस बोलतात. हे ऐकून शहरातली माणसं हसतात. मला हसू येत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसा दिला तो खाणीनेच, शेताने नव्हे.

काकींनी ज्योतीचा तांदूळ काढून ठेवला होता. घरचा उकडा. आदल्या रात्री भात तांब्याच्या भांड्यात वाफवायचं, दाणा फुटायला आला की उतरवायचं, चटयांवर सुकवायचं. ऊन जास्त झालं तर दाणा मोडतो, कमी झालं तर वास येतो. पायाने भात फिरवत राहायचं आणि कावळे हाकायचे, मग गिरणीत. “तुमच्या लोकांना पॉलिश नको ना?” म्हणून खास कमी कांडून आणला होता. आमच्या बारांपैकी एका घराने जूनमध्येच ‘पूर्ण ऑर्गॅनिक आहे ना?’ म्हणून विचारलं होतं. ते काकींना सांगितलं नाही.

भाव काय धरायचा यावरून अर्धा तास गेला, आणि वाद उलटा. काकी कमी सांगत होत्या आणि आम्ही जास्त. फोंड्याच्या दुकानात उकडा ज्या भावाने मिळतो तो धरायचा असा आमचा हट्ट. त्यांचं म्हणणं, दुकानदाराला भाडं आहे, दिव्याचं बिल आहे, मला काय आहे? शेवटी भाच्याने मधला आकडा काढला. चार पोती झाली. सुतळी ओढून दाभण टोचताना काकींनी विचारलं, “म्हणजे माझं किती फिटलं? बाकी किती?”

मी म्हटलं, काकी, फिटायला काही नव्हतंच.

त्या दाभणाकडे बघत राहिल्या. “लिहून दे.”

वहीचं पान फाडून लिहून दिलं: ‘देणे काही नाही.’ त्यांनी ते देव्हाऱ्यात लईराईच्या तसबिरीमागे ठेवलं.

बुधवार. वाळपईच्या पुढे

सत्तरी तालुक्यात शिरलं की थंडी लागते. होंड्याला मिसळपाव खाल्ली. चांगली होती, पण त्याबद्दल लिहायला हा लेख नव्हे.

म्हादईच्या खोऱ्यातल्या ह्या घरात आजोबा, त्यांची सून आणि दोन शाळकरी नातवंडं. मुलगा वेर्ण्याला कंपनीत, शनिवारी येतो. आजोबांनी आल्या-आल्या सांगितलं, “आमच्यावर एक पैशाचं कर्ज नाही.” ते खरं आहे. कोणी दिलंच नाही.

सत्तरीतली जमीन म्हणजे शब्दकोश लागतो. मोकासो, आल्वारा, सरकारी, वन, अभयारण्य. घर आजोबांच्या पणजोबांनी बांधलं, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, त्यांचं नाव नाही. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झालं तेव्हा त्यांची काजूची टेकडी हद्दीत गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अर्ज केला, त्याची पोच लाकडी पेटीत आहे. पेटीतून एकेक कागद काढून त्यांनी चटईवर मांडला, पत्त्यांचा डाव मांडावा तसा. मी खिडकीपलीकडची बाई, कागद बघून मला धीर येतो. इथे उलट झालं. सगळे कागद होते आणि एकानेही काम होत नव्हतं.

उतारा नसला की काय काय होत नाही, ते मी आजोबांच्या सुनेबरोबर बोटांवर मोजलं. किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेडलं तर तीन टक्के सूट, म्हणजे चारच टक्के पडतात. २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारणही लागत नाही. पण जमीन कसतो याचा पुरावा लागतो. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, तेही जमीन नावावर असलेल्यांना. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा तरी आधी उताराच पुढे ठेवावा लागतो. १९६४ चा कूळ कायदा, १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती, कागदावर गोवा कोणाच्या मागे नाही. कायदा आहे, मामलेदाराकडे तारखाही आहेत. तारखांमध्ये दोन पिढ्या गेल्या.

मग चालतं कसं? सून म्हणाली, “ह्यांच्या पगारावर.” कंपनीतला पगार येतो आणि त्यातून शेत पोसलं जातं. बियाणं, मजूर, कुंपण. पगार उशिरा झाला तर बचतगटातून उचल. गटाचं व्याज चार टक्क्यांच्या जवळपासही नाही, पण गट उतारा मागत नाही. आणि दुकानदार. दुकानदाराची वही तिने दाखवली नाही, मी मागितलीही नाही.

दुपारी आजोबा नदीवर घेऊन गेले. ह्या भागात पुरण शेती करतात. पावसाळा सरला आणि पाणी उतरलं की पात्रात दगड, फांद्या, माती घालून बांध घालायचे, गाळ धरायचा आणि त्या गाळात भात लावायचं. एकट्याचं कामच नाही हे. घरटी माणूस यावा लागतो, वाटे ठरलेले असतात. आजोबा दहा वर्षांचे असताना चाळीसेक माणसं उतरायची. आता?

“आता म्हातारे आणि शनिवारवाले.”

शनिवारवाले म्हणजे त्यांच्या मुलासारखे.

आजोबांनी आम्हाला भात दिलं ते जेमतेम दीड पोतं. बाकीचं गव्याने खाल्लं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. रात्री राज्यप्राणी येतो, दिवसा माकडं आणि वानरं. नारळ कोवळे असतानाच पाडतात, केळीचा घड उभा सोलतात. सौर कुंपणाला अनुदान आहे आणि त्याला पुन्हा उतारा. भाताच्या भरीला आजोबांनी दोन मोठे सुरण, नाचणीची एक पिशवी आणि सुपारी काढून ठेवली होती. “पुरं होतं का बघ,” म्हणाले. त्यांच्या हिशेबात बारा हजारांना सातशे कमी पडत होते, आणि ते काजू आल्यावर देणार होते.

इथे मी मयेपेक्षा शहाणपणाने वागले असं मला वाटतं. ‘देणं नाही’ म्हटलंच नाही. म्हटलं, आजोबा, तुमच्या पुरणात वाटे कसे असतात? त्यांनी सांगितलं. पूर आला आणि पुरण वाहून गेलं तर? “तर सगळ्यांचंच गेलं. कोण कोणाला देतो?” मग म्हटलं, तसाच आमचाही वाटा. आम्ही फोंड्याचे, पण पुरणात.

बराच वेळ पाण्याकडे बघून ते म्हणाले, “मग फावडं घेऊन यायला पाहिजे होतं तुम्ही.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटा पैशाने घेता येतो हे त्यांना पटणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर त्या नदीवर उभं राहिल्यावर मलाही पटेना.

गुरुवार. धारबांदोडा, वालकिणी

उसगावहून टिस्कला आलो. डाव्या हाताला संजीवनी साखर कारखाना, गोव्यातला एकुलता एक. जागेचं नाव दयानंदनगर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावरून. २०१९-२० पासून गाळप बंद. भाच्याला लहानपणी उसाच्या ट्रकमागे पळत कांडं ओढल्याचं आठवतं. आता फाटकासमोर भाजीचा गाडा आहे. कारखाना बंद झाल्यावर सरकारने ऊस उत्पादकांना काही वर्षं टनामागे भरपाई दिली. पैसे हातात पडले, पण लोक उसावरून उठले. ऊस म्हणजे एकदा लावला की खोडवा घेत दोन-तीन वर्षं चालणारं पीक. त्याच्या जागी दर तीन महिन्यांनी नवा जुगार खेळायचा.

वालकिणीची माणसं एकदा आधीच उठलेली आहेत. साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं, मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, आणि लोक वाडे आणि वालकिणीला वसवले गेले. मे महिन्यात पाणी ओसरलं की सोमेश्वराचं देऊळ वर येतं आणि लोक जमतात. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर अनेकांनी ऊस धरला. ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते भाऊ साठीचे. “गाव धरणात गेलं, ऊस कारखान्याबरोबर गेला. आता भेंडी लावलीय. बघू.”

भेंडी, वाल, काकडी, थोडी मिरची. भाजी फलोत्पादन महामंडळ घेतं, त्यांच्या गाड्यांवर ती बेळगावच्या भाजीशेजारी बसते. बेळगावचा ट्रक पहाटे चारला येतो आणि दिवसाचा भाव ठरवून टाकतो. भाऊंच्या दीड एकराने त्या ट्रकशी काय झगडावं?

इथे हिशेब चटकन झाला. भाऊ व्यवहारी आहेत. सप्टेंबरपासून त्यांनी दर पंधरवड्याला फोंड्याला भाजीची टोपली पाठवली होती, सगळ्या टोपल्यांचा मेळ वहीत होता, सव्वाशे रुपये आमच्याकडूनच निघत होते. ते त्यांनी घेतले, मोजून. मला फार बरं वाटलं. सव्वाशे रुपये मागून घेणारा माणूस स्वतःला आपला देणेकरी मानत नाही.

शुक्रवार. खोला

काणकोणपर्यंत जाऊन-येऊन दिवस गेला, आणि त्यातला निम्मा ट्रकमागे. खोल्याची मिरसांग डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. भौगोलिक मानांकन मिळालेली, तिखट बेताची, रंग मात्र असा की माशांच्या रेशाद मसाल्याला दुसरी मिरची लावावीशी वाटत नाही. नावाला किंमत आली तशी खोल्याच्या नावाने भलतीच मिरची बाजारात विकली जाऊ लागली, अशी तिथल्या बायकांची तक्रार. ज्या बाईंशी आमचा व्यवहार त्या वेळीप समाजातल्या, बोलणं कोकणीतून. मिरची ओलसर असताना त्यांनी दिली नाही. “चार दिस वोत जाय.” आणखी चार दिवस ऊन लागेल, मग बसने पाठवते. आगाऊ पैसे दिलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायला त्यांना काही वाटलं नाही. माल तयार नाही म्हणजे नाही.

परत येताना भाचा म्हणाला, दादांना असं का जमलं नाही? मला वाटतं, मिरची आहे म्हणून. उशिरा का होईना, ती आहे. दादांच्या शेतात मीठ होतं.

शनिवार. पुन्हा चोडण

दादा बाजाराला गेले होते. चुकून नाही, त्यांच्या जाण्याची वेळ मला माहीत होती. वहिनी एकट्या भेटाव्यात असं मनात होतं.

पाकीट पट्टीसकट समोर ठेवलं आणि पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवलं. बोलले काहीच नाही. वहिनींनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे. “तुम्हाला कळतं तर हे.”

“एकतीस वर्षं तेच केलं.”

त्यांनी पट्टी तोडली आणि नोटा मोजल्या. दादांनी मोजल्या नसत्या. मग हिशेब सांगितला, आणि तो मी इथे उतरून ठेवते कारण खिडकीवरून मला तो कधी दिसला नव्हता. पाटल्यांवर अठरा हजार मिळाले होते. बारा आमचे. चार हार्वेस्टरवाल्याला. म्हणजे भात कापायला यंत्र ठरवून ठेवलं होतं, आगाऊ अर्धे कबूल केले होते, भातच राहिलं नाही तरी शब्द दिलेला. दोन हजार म्हणजे चतुर्थीची दुकानाची उधारी. फॉर्मवर कारण काय लिहिलं?

“घरगुती.”

हे म्हणताना त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं ते असं. बारा हजार सोमवारी जाऊन भरायचे, व्याज दिवसावर चढतं. एक पाटली सुटेल. दुसरी राहू दे. दादांना काय सांगायचं ते त्या बघतील. बहुतेक त्या म्हणतील की माहेरून आले. खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, पण घर माझं नाही.

“बांध कधी घालणार?” मी विचारलं.

“पाणी उतरलं की. फेब्रुवारीत. माणसं मिळाली तर. रोजावर आणायचे तर परवडत नाही आणि फुकट कोण येतं?”

मला सत्तरीच्या आजोबांचं फावडं आठवलं. म्हटलं, आम्ही येऊ. बारा घरांतले आठ-दहा तरी. वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझे गुडघे, माझी चप्पल, बाहेर व्हॅनला टेकून फोन बघणारा भाचा. “तुम्ही दहा म्हणजे आमचे तीन धरते. जेवण मात्र दहांचं लागणार.”

मग त्यांनीच विचारलं, येत्या जूनला पुन्हा पैसे देणार का?

ह्याचं उत्तर देणं अवघड होतं. आदल्या रात्री मी बाराही घरांना फोन केले होते. तीन घरांनी सांगितलं, पुढच्या वर्षी आम्हाला धरू नका. पैसे गेल्याचं दुःख नाही, पण तांदूळच मिळाला नाही तर मजा काय? ऑर्गॅनिकवाले त्यांत होते. दोन घरं म्हणाली, बघू. सात पक्की. सातांचे पस्तीस हजार होतात, पाचांत वाटले तर सात-सात. मी वहिनींना आकडे सांगितले, जसे आहेत तसे.

त्यांनी मनात भागाकार केला. “मग आम्हाला देऊ नका एवढ्यात. आमच्यात आणखी एक वर्ष मीठ आहे. सत्तरीवाल्यांना घाला.”

निघताना त्यांनी व्हॅनमध्ये नारळ टाकले, शहाळी वेगळी, सोललेले वेगळे. किती ते मोजायचं नाही असं बजावलं. भाचा वही उघडणार होता, मी त्याच्या हातातून काढून घेतली. धक्क्यावर फेरीबोट नुकतीच सुटली होती आणि पुढची यायला वेळ होता. मयेच्या पोत्यातली एक शिवण उसवून तांदूळ सांडत होता, तेव्हा बसल्या-बसल्या दाभण काढलं.